पॉइंट ए ते एमआरआय : गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील ब्रेकीथेरपीचा आराखडा कसा ठरतो

प्रकाशरेषा

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील उपचारांबद्दल वाचताना बाहेरून दिल्या जाणाऱ्या रेडिएशनचा आणि केमोथेरपीचा उल्लेख सगळीकडे सापडतो. गाठ समूळ जाईल की नाही हे मात्र ज्या टप्प्यावर पुष्कळदा ठरते, त्या आतून दिल्या जाणाऱ्या रेडिएशनबद्दल, म्हणजे ब्रेकीथेरपीबद्दल, मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे. मी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ म्हणून या उपचारांचे आराखडे करते. रुग्णांचे नातेवाईक बाहेर ताटकळत असतात आणि आत आम्ही संगणकाच्या पडद्यावर नेमके काय करत असतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून हा धागा.

आजार गर्भाशयमुखापुरता मर्यादित न राहता आजूबाजूला पसरलेला असेल, तर सामान्यतः पाच आठवडे बाहेरून रेडिएशन दिले जाते (४५ ग्रे, २५ भागांत; ग्रे हे रेडिएशनची मात्रा मोजण्याचे एकक) आणि त्याच काळात आठवड्यातून एकदा सिसप्लाटिन हे केमोथेरपीचे औषध दिले जाते. एवढ्याने गाठ बरीच लहान होते, पण उरलेल्या गाठीला आणखी मोठी मात्रा लागते. ती बाहेरून देऊ गेल्यास मूत्राशय, गुदाशय आणि आतडे होरपळतात. म्हणून गर्भाशयाच्या पोकळीत एक बारीक नळी, म्हणजे टँडम, आणि योनीमार्गात गर्भाशयमुखाला टेकवून एक रिंग किंवा ओव्हॉइड नावाचे दोन अंडाकृती भाग बसवले जातात. त्यांतून इरिडियम-१९२ चा, साधारण ५ मिलिमीटर लांबीचा आणि १ मिलिमीटरहून कमी जाडीचा स्रोत यंत्राच्या साहाय्याने आत जातो, ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबतो आणि परत येतो.

स्रोतापासून दूर जावे तशी मात्रा झपाट्याने कमी होते, आणि या उपचाराचे सारे बळ यातच आहे. सारा धोकाही यातच आहे. लहान स्रोताच्या बाबतीत अंतर दुप्पट झाले की मात्रा एक चतुर्थांश उरते. अंतर २० मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटर झाले, तरी ती सुमारे १७ टक्क्यांनी घटते. म्हणजे दोन मिलिमीटरची चूक ही इथे लहान चूक नव्हे. गाठ नेमकी कुठे आहे आणि मूत्राशयाची भिंत नळीपासून किती अंतरावर आहे हे डोळ्यांनी न पाहता मात्रा ठरवणे किती अवघड असेल, याची कल्पना यावरून यावी.

तरीही कित्येक दशके ती तशीच ठरवली गेली. मँचेस्टरमध्ये टॉड आणि मेरेडिथ यांनी १९३८ मध्ये ‘पॉइंट ए’ ही संकल्पना मांडली आणि १९५३ मध्ये तिच्यात सुधारणा केली. गर्भाशयमुखाच्या तोंडापासून गर्भाशयाच्या नलिकेच्या रेषेत २ सेंटिमीटर वर आणि तिथून बाजूला २ सेंटिमीटर असा हा बिंदू असतो आणि त्या बिंदूला ठरलेली मात्रा द्यायची असते. दोन एक्स-रे काढले की काम भागत असे. पुढे १९८५ मध्ये आयसीआरयू या रेडिएशनच्या मापांविषयीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या ३८ व्या अहवालाने मूत्राशय आणि गुदाशय यांच्यासाठीही असे संदर्भबिंदू ठरवून दिले. मूत्राशयाच्या बिंदूसाठी लघवीच्या नळीच्या फुग्यात ७ घन सेंटिमीटर द्रव भरून तो एक्स-रेवर पाहत असत.

या पद्धतीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. तिच्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणचे डॉक्टर प्रथमच एका भाषेत बोलू लागले आणि असंख्य स्त्रिया बऱ्या झाल्या. पण पॉइंट ए गाठीवरून मोजला जात नाही, तो उपकरणावरून मोजला जातो. गाठ लहान असो वा मोठी, डावीकडे झुकलेली असो वा उजवीकडे, तो बिंदू तिथेच राहतो. लहान गाठीच्या रुग्णेला गरजेपेक्षा जास्त मात्रा मिळते, आणि जिची गाठ एका बाजूला अडीच-तीन सेंटिमीटर पसरली आहे तिची गाठ बिंदूच्या बाहेर उरते. ती अपुरी मात्रा एक्स-रेवर कधीच दिसत नाही, कारण एक्स-रेवर मुळात गाठच दिसत नाही.

एमआरआयने हे बदलले. टी२ प्रकारच्या प्रतिमेत निरोगी गर्भाशयमुखाची भिंत काळसर दिसते आणि गाठ तिच्या तुलनेत उजळ दिसते. बाहेरच्या रेडिएशननंतर जिथे पूर्वी गाठ होती तिथे पुष्कळदा करड्या रंगाचे पट्टे उरतात. त्यांत कर्करोगाच्या पेशी शिल्लक असण्याची शक्यता असल्याने तेही लक्ष्यात धरावे लागतात. जीईसी-एस्ट्रो या युरोपीय गटाने २००५ आणि २००६ मध्ये दिलेल्या शिफारशींनी या सगळ्याला शिस्त आणली. ब्रेकीथेरपीच्या वेळी उरलेली गाठ, संपूर्ण गर्भाशयमुख आणि त्यापलीकडे आजार पसरल्याचा संशय असलेला भाग मिळून ‘उच्च जोखमीचे लक्ष्यक्षेत्र’ होते. त्याच्या ९० टक्के आकारमानाला किमान किती मात्रा पोचली, ती संख्या म्हणजे डी९०. मूत्राशय, गुदाशय आणि सिग्मॉइड (गुदाशयाच्या लगेच वरचा मोठ्या आतड्याचा भाग) यांच्यातील सर्वाधिक मात्रा मिळालेल्या २ घन सेंटिमीटर भागाला किमान किती मिळाली, ती संख्या म्हणजे डी२सीसी. आराखडा करणे म्हणजे पहिली संख्या वर नेणे आणि दुसऱ्या खाली ठेवणे.

सगळ्या वाक्यांत मला महत्त्वाचे वाटतात ते ‘ब्रेकीथेरपीच्या वेळी’ हे शब्द. निदानाच्या वेळची गाठ आणि पाच आठवड्यांनंतरची गाठ या दोन वेगळ्या गोष्टी असतात. उपकरण बसवलेल्या अवस्थेत, त्या दिवशी काढलेली प्रतिमाच त्या दिवशीच्या शरीराबद्दल बोलते.

मूकवाचक

लेख दोनदा वाचला. माझ्या आईचे बाहेरचे रेडिएशन पुढच्या आठवड्यात संपत आहे आणि त्यानंतर चार वेळा ब्रेकीथेरपी सांगितली आहे. प्रत्येक वेळी पाच-सहा तास लागतील असे कळले. प्रत्यक्ष रेडिएशन मात्र दहा-पंधरा मिनिटांचेच असते असेही सांगितले. मग मधले इतके तास कशासाठी? आईला पाठीचा त्रास आहे आणि तिला तितका वेळ निश्चल पडून राहणे जमेल का, या काळजीने मला झोप लागत नाही.

प्रकाशरेषा

आपली काळजी रास्त आहे. ते मधले तास वाया जात नाहीत, हे मात्र मी आपल्याला खात्रीने सांगू शकते. कमरेखालची किंवा पूर्ण भूल देऊन उपकरण बसवले जाते, ते हलू नये आणि मूत्राशय व गुदाशय शक्य तितके दूर ढकलले जावेत म्हणून योनीमार्गात गॉज घट्ट भरले जाते, आणि मग एमआरआय किंवा सीटी काढली जाते. त्यानंतर डॉक्टर प्रतिमेच्या प्रत्येक छेदावर गाठ, मूत्राशय, गुदाशय आणि आतडे यांच्या सीमा हाताने आखतात. पुढचे काम माझ्यासारख्यांचे: प्रतिमेत उपकरणाची नळी नेमकी कुठून जाते हे आखणे, स्रोताने कुठे किती सेकंद थांबायचे हे ठरवणे, मात्रा तपासणे, पुन्हा बदलणे. शेवटी दुसरी व्यक्ती सगळे स्वतंत्रपणे पडताळून पाहते. यातला कोणताही टप्पा घाईने उरकण्यासारखा नाही.

पाठीच्या दुखण्याबद्दल आधीच, भूल देणाऱ्या डॉक्टरांना, स्पष्ट सांगा. पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी ठेवून वेदनाशामक औषध चालू ठेवता येते का, गुडघ्यांखाली आधार देता येईल का, हे विचारा. ‘थोडे दुखणारच’ असे उत्तर मिळाले तर तिथे थांबू नका. वेदनेने रुग्ण हलली तर उपकरण हलते, आणि उपकरण हलले तर प्रतिमेवर आखलेला आराखडा खोटा ठरतो. म्हणजे वेदना आटोक्यात ठेवणे हा उपचाराच्या अचूकतेचाच भाग आहे.

किरणमयी

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आहे. धागालेखिकेने जे लिहिले आहे त्याला माझी सहमती आहे, तरी एक गोष्ट जोडते. प्रतिमा कितीही सुस्पष्ट असली, तरी ती बोटांनी केलेल्या तपासणीची जागा घेत नाही. योनीमार्गाच्या वरच्या भागातील उथळ पसरण एमआरआयवर सहज निसटते. म्हणून निदानाच्या वेळी आणि ब्रेकीथेरपीच्या वेळी तपासणी करून आम्ही आकृती काढून ठेवतो: गाठ किती रुंद, बाजूच्या ऊतींमध्ये कुठपर्यंत, योनीमार्गात किती खाली. सीमा आखताना एका बाजूला एमआरआय आणि दुसऱ्या बाजूला ती हाताने काढलेली आकृती असावी लागते.

दुसरे म्हणजे, प्रतिमेचा उपयोग आराखड्याच्या आधीपासून सुरू होतो. टँडम बसवताना पोटावरून सोनोग्राफी करत राहिल्यास नळी गर्भाशयाच्या पोकळीतच जात आहे ना, हे डोळ्यांसमोर दिसते. रेडिएशननंतर गर्भाशयमुखाचे तोंड आक्रसलेले असते आणि गर्भाशय मागे वळलेले असेल तर नळी भिंतीला छेद देऊन बाहेर जाऊ शकते. अशी एक घटना मी शिकत असताना पाहिली. तेव्हा सोनोग्राफी न करता नळी घातली होती आणि छेद गेल्याचे सीटीवर लक्षात आले. तो दिवस वाया गेला, रुग्णेला पुन्हा भूल द्यावी लागली. तेव्हापासून सोनोग्राफीविना मी टँडम बसवत नाही.

तिसरी मिती

विषयाबाहेरचा वाचक आहे, पण आकडे समजून घेण्याची इच्छा आहे. बाहेरचे ४५ ग्रे आणि आतले, समजा, ७ ग्रे चार वेळा, म्हणजे २८ ग्रे, अशी सरळ बेरीज ७३ होते. पण इतरत्र वाचताना ८५ किंवा ९० ग्रे असे आकडे दिसतात. हे कसे?

प्रकाशरेषा

प्रश्न मोलाचा आहे, म्हणून उत्तर थोडे लांबवते. एका वेळी दिलेली मात्रा जितकी मोठी, तितका तिचा जैविक परिणाम सरळ बेरजेपेक्षा अधिक होतो. म्हणून सगळ्या मात्रा ‘रोज २ ग्रे या हिशोबाने दिल्या असत्या तर किती झाल्या असत्या’ अशा एकाच मापात बदलून मगच बेरीज करतात. एकूण मात्रेला (एका वेळची मात्रा + के) या बेरजेने गुणायचे आणि (२ + के) या बेरजेने भागायचे. इथे ‘के’ ही ऊतीनुसार बदलणारी संख्या आहे. गाठीसाठी ती १० धरतात आणि मूत्राशय, गुदाशय यांच्यासाठी ३.

गाठीसाठी बाहेरचे ४५ ग्रे या मापात सुमारे ४४.३ होतात आणि आतले २८ ग्रे सुमारे ३९.७, एकूण ८४. आता मूत्राशयाच्या भिंतीलाही प्रत्येक वेळी ७ ग्रेच मिळाले असे समजा. तिच्यासाठी बाहेरचे ४३.२ आणि आतले तब्बल ५६, म्हणजे एकूण ९९ च्या पुढे. एकच मात्रा गाठीला जेमतेम पुरते आणि मूत्राशयाला मर्यादेपलीकडे जाते. मूत्राशयासाठी सामान्यतः ९० च्या वर जाऊ नये असे मानतात आणि शक्यतो ८० च्या आत राहावे असा प्रयत्न असतो; गुदाशयासाठी मर्यादा ७५ आणि प्रयत्न ६५ चा.

प्रतिमेवर मूत्राशय दिसत असेल, तर त्याच्या जवळच्या थांब्यांवरचे सेकंद कमी करून तिथली मात्रा प्रत्येक वेळी ५ ग्रेवर आणता येते. मग एकूण सुमारे ७५ होते. आणि ज्या बाजूला गाठ उरली आहे तिकडच्या थांब्यांवरचे सेकंद वाढवून लक्ष्यक्षेत्राला प्रत्येक वेळी ८ ग्रे देता आले, तर गाठीची एकूण मात्रा ९२ च्या आसपास पोचते. एक्स-रेवर हे दोन्ही एकाच वेळी साधत नाही, कारण कोणत्या बाजूला वाढवायचे आणि कोणत्या बाजूला कमी करायचे हेच दिसत नाही.

अवलोकन

माझा एक आक्षेप नोंदवतो, तो विरोधासाठी नाही. आता बाहेरूनच मिलिमीटरच्या अचूकतेने रेडिएशन देणारी यंत्रे आहेत. मग भूल, उपकरणे, तासन्‌तास पडून राहणे, हे सगळे टाळून उरलेली मात्रा बाहेरूनच का देत नाहीत? ‘पॉइंट ए’च्या पद्धतीनेही स्त्रिया बऱ्या होत होत्या, तर एमआरआयचा एवढा आग्रह कशासाठी, हाही प्रश्न आहेच.

किरणमयी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: ब्रेकीथेरपी शक्य असताना तिच्याऐवजी बाहेरून मात्रा देऊ नये. अमेरिकेतील कर्करोग नोंदींच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ब्रेकीथेरपीचे प्रमाण १९८८ मधील ८३ टक्क्यांवरून २००९ मध्ये ५८ टक्क्यांवर आल्याचे दिसले. तुलनेसाठी जुळवलेल्या गटांत, या कर्करोगाने मृत्यू न आलेल्या रुग्णांचे चार वर्षांनंतरचे प्रमाण ब्रेकीथेरपी मिळालेल्यांत ६४.३ टक्के आणि न मिळालेल्यांत ५१.५ टक्के होते. हा प्रयोग नव्हता, नोंदींवरून केलेला अभ्यास होता, हे लक्षात ठेवूनही एवढे अंतर दुर्लक्षिण्यासारखे नाही. कारणही समजण्यासारखे आहे. मूत्राशय भरते, रिकामे होते, तसे गर्भाशय हलते. बाहेरच्या किरणांना त्या हालचालीमागे धावावे लागते. टँडम मात्र गाठीतच बसलेला असतो आणि तिच्याबरोबरच हलतो. शिवाय गाठीच्या मध्यभागी तो जी प्रचंड मात्रा देतो, ती बाहेरून सुरक्षितपणे देता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी फ्रान्समधील एक अभ्यास पाहावा. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एक्स-रेवर आधारित आणि त्रिमितीय प्रतिमांवर आधारित नियोजनाची तुलना होती. शस्त्रक्रियेविना उपचार झालेल्या गटात तीव्र स्वरूपाचे दुष्परिणाम पहिल्या पद्धतीत २२.७ टक्के आणि दुसऱ्या पद्धतीत २.६ टक्के आढळले, आणि गाठीवरचे नियंत्रणही दुसऱ्या पद्धतीत काहीसे चांगले होते. त्यानंतरचा एम्ब्रेस-१ हा अभ्यास २००८ ते २०१५ या काळात रुग्ण घेऊन झाला. एमआरआयवर आधारित ब्रेकीथेरपी मिळालेल्या १३४१ स्त्रियांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पाच वर्षांनंतर मूळ जागी नियंत्रण ९२ टक्के होते. तीव्र दुष्परिणाम शून्यावर आले असे नाही, आतड्यांचे ८.५ टक्के आणि मूत्रमार्गाचे ६.८ टक्के होते. हे आकडे मी रुग्णांनाही सांगते.

अवलोकन

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. माझा पहिला आक्षेप मागे घेतो. पण एमआरआय जवळ नसेल तर त्या स्त्रियांनी काय करायचे?

प्रकाशरेषा

हा प्रश्न मलाही सतत छळतो, कारण हा आजार जिथे सर्वाधिक आहे तिथेच एमआरआयची वेळ मिळणे बहुधा सर्वांत कठीण असते. सुदैवाने ‘एमआरआय नाहीतर काहीच नाही’ अशी परिस्थिती नाही. सीटीवर मूत्राशय, गुदाशय आणि सिग्मॉइड चांगले दिसतात. त्यामुळे निरोगी अवयव वाचवण्याचे निम्मे काम सीटीवर उत्तम होते. अडचण गाठीची आहे. सीटीवर गाठ, निरोगी गर्भाशयमुख आणि बाजूच्या ऊती यांत फरक करणे कठीण जाते आणि लक्ष्यक्षेत्राची रुंदी प्रत्यक्षापेक्षा जास्त आखली जाते. त्यावर तोड म्हणून उपकरण बसवण्याच्या काही दिवस आधी एक एमआरआय काढून ती शेजारी ठेवतात, किंवा पहिल्या वेळी एमआरआय आणि नंतरच्या वेळी सीटी असा मेळ घालतात. सोनोग्राफीचा उपयोगही केवळ नळी घालण्यापुरता नाही. मेलबर्नच्या पीटर मॅककॅलम केंद्राने पोटावरून केलेल्या सोनोग्राफीच्या आधारे आराखडे करण्याची पद्धत विकसित केली, आणि तिच्यातून मोजलेले गर्भाशयमुखाचे आकारमान एमआरआयच्या बरेच जवळ जाते.

मात्र एक सांगितलेच पाहिजे. एमआरआयसाठी आठवडाभर थांबण्यापेक्षा सीटीवर वेळेत केलेला उपचार चांगला. संपूर्ण उपचार आठ आठवड्यांच्या आत, शक्यतो पन्नास दिवसांत, संपवायचा असतो; एक आठवडा लांबला तर तो तोटा भरून काढायला लक्ष्यक्षेत्राला सुमारे ५ ग्रे जास्त लागतात असे विश्लेषण उपलब्ध आहे. पाच ग्रे मिळवण्यासाठी आम्ही आराखड्यावर किती झगडतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला या आठवड्याची किंमत कळेल.

सायली शब्द

मी हा उपचार घेतलेला आहे, दोन वर्षे झाली. धागा वाचून अनेक गोष्टींचा उलगडा झाला. माझ्या वेळी दुसऱ्या खेपेला दोन सुया वाढवल्या होत्या आणि कोणी कारण सांगितले नव्हते, त्यामुळे आजार वाढला असेच मी समजून बसले होते. त्या आठवड्यात मी घरच्यांशी नीट बोललेही नाही. शिवाय तिसऱ्या खेपेला यंत्र आधीपेक्षा जास्त वेळ चालू होते, त्याचीही भीती वाटली होती.

प्रकाशरेषा

ताई, हे वाचून फार वाईट वाटले. दोन वाक्यांत सांगता आले असते ते आपल्याला सांगितले गेले नाही. सुया बहुतेक वेळा अशा कारणाने घालतात: पहिल्या प्रतिमेत दिसते की गाठीचा एक कोपरा टँडमपासून दूर आहे आणि तिथपर्यंत मात्रा नेताना मूत्राशय किंवा गुदाशयाची मर्यादा ओलांडली जाते. रिंगमधील छिद्रांतून त्या बाजूला सुया सरकवल्या की स्रोत थेट त्या कोपऱ्याजवळ पोचतो; व्हिएन्ना ॲप्लिकेटर हे उपकरण याच कल्पनेतून आले. म्हणजे सुया वाढणे हे बहुधा आजार वाढल्याचे लक्षण नसते, आराखडा सुधारल्याचे असते.

यंत्राच्या वेळेचे कारण तर अगदी साधे आहे. इरिडियम-१९२ ची तीव्रता सुमारे ७४ दिवसांत निम्मी होते. एका आठवड्यात ती साधारण ६ टक्क्यांनी उतरते, तेवढे सेकंद वाढवावे लागतात. मात्रा तीच राहते.

मूकवाचक

आज आईची पहिली खेप झाली. भूलतज्ज्ञांशी आधी बोलल्यामुळे पाठीच्या नळीची सोय झाली आणि ती सहा तास शांत होती. तिच्या डॉक्टरांना मी ‘उच्च जोखमीच्या लक्ष्यक्षेत्राला किती मिळाले’ असे विचारले. त्यांनी पडद्यावर नेऊन दाखवले. गाठ उजवीकडे थोडी उरली आहे आणि पुढच्या वेळी त्या बाजूला सुई घालणार आहेत. सायली ताईंचे वाचले होते, म्हणून ते ऐकून मी घाबरलो नाही. सगळे संपल्यावर कोणते कागद मागून घ्यावेत?

किरणमयी

आनंद वाटला. प्रत्येक खेपेची तारीख, वापरलेले उपकरण, लक्ष्यक्षेत्राचा डी९०, मूत्राशय, गुदाशय आणि सिग्मॉइड यांचे डी२सीसी, आणि बाहेरच्या रेडिएशनसह एकूण बेरीज, एवढे सगळे एका पानावर लिहून मागा. पुढे कधी त्याच भागात रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, तर नव्या डॉक्टरांना हे पान सर्वांत आधी लागेल. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीसाठी आताच्या एमआरआयची सीडीही जपून ठेवा. आणि योनीमार्ग आक्रसू नये म्हणून डायलेटर कधीपासून व कसा वापरायचा, हे आईंना परिचारिकेकडून समजावून घ्यायला सांगा. तो विषय संकोचामुळे राहून जातो.

मूकवाचक

लिहून घेतले. पुढची खेप गुरुवारी आहे.